मुसावोने जावयाचा हात धरला

लुकायाची माणसं लाजत नाहीत असं मला पूर्वी वाटायचं. हमरस्त्यावर बस थांबली की इथल्या बाया भाजलेल्या कोंबडीची काडी थेट उतारूच्या नाकाशी धरतात आणि "घे की रे, का बायकोला विचारून सांगतोस?" म्हणून भर बसमध्ये चिडवतात. पण ह्याच गावातले बाप्ये औषधाच्या दुकानापाशी आले की त्यांच्या तोंडाला कुलूप लागतं. माझं शिवणयंत्र पर्पेटुआच्या दुकानाच्या ओट्यावरच आहे, मध्ये फक्त एक फळकुटाची भिंत, म्हणून ही करमणूक मला रोज फुकट मिळते. गडी येतो, डोकेदुखीची गोळी घेतो, खिशात घालतो आणि जात मात्र नाही. माझ्या यंत्राकडे बघतो, आभाळाकडे बघतो. मग हळूच म्हणतो, "ते दुसरं असतं ना, ते एका मित्राला हवंय."

"मित्राला पाय आहेत ना?" पर्पेटुआ विचारते. "मग त्याला पाठव."

पर्पेटुआला कोणी पर्पेटुआ म्हणत नाही. मुसावो म्हणतात. आमच्याकडे डॉक्टर काय, नर्स काय, सुई टोचणारा प्रत्येक जण मुसावोच. उभी हयात तिने मसाका शहराच्या इस्पितळात नर्स म्हणून काढली. नवरा गेला, नोकरी संपली, तेव्हा सासरच्या गावी येऊन दुकान टाकलं. बोलणं मोजकं, कपड्याला कडक इस्त्री, आणि चेहरा असा की बाई हसते आहे की रागावली आहे ते शेजारणीलाही कळू नये.

पुरुषशक्तीच्या गोळीसाठी तिचा नियम ठरलेला होता. जो घेणार त्यानेच यायचं. त्याला ती पडद्यामागे बाकावर बसवायची, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायची, आणि मग तिची सरबत्ती सुरू व्हायची. छातीत दुखतं का? चढावर सायकल ढकलताना थांबावं लागतं का? हृदयाची गोळी चालू आहे का, जिभेखाली ठेवायची गोळी कोणी दिली आहे का? दारू किती पितोस, खरं सांग, मी पाद्री नाही. बसमध्ये बाटल्या विकतात त्यांतलं काही ढोसलंस का? अर्धे गडी रिकाम्या हाताने, शिव्या पुटपुटत बाहेर पडायचे आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात शिरायचे, तिथे कोणी काही विचारत नाही.

"गिऱ्हाईक घालवतेस," मी एकदा म्हटलं.

"घालवते. पण मातीत पुरत नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून तिने मला समजावलं. जिभेखालची गोळी शिरा सैल करते, आणि ही दुसरीही शिरा सैल करते. दोन्ही एका अंगात भेटल्या की दोर तुटलेल्या बादलीसारखा रक्तदाब खाली जातो. "वॉर्डात आणतात तोवर माणूस थंड पडलेला असतो, नालोंगो. बायको विचारते, काय झालं, आणि कोणीच सांगत नाही. मेलेला माणूससुद्धा लाजतो."

नालोंगो म्हणजे मी. जुळ्यांच्या आईला आम्ही नालोंगो म्हणतो.

आता तिच्या नणंदेचं. ऑलिव्हा तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण, म्हणजे मुसावोच्या लेकीची सेंगा. सेंगा म्हणजे आत्या खरी, पण आमच्या बुगांडात आत्याकडे एक वेगळंच खातं असतं. पोरीला नवऱ्याशी कसं राहायचं ते शिकवायचं सेंगाने, आणि अंथरुणातली तक्रारही पोरीने न्यायची सेंगाकडेच. आईच्या कानावर त्यातलं अक्षर जायला नको. आई आणि जावई ह्यांच्यात तर याहून उंच भिंत. एकमेकांना शिवायचं नाही, समोरासमोर यायचं नाही. रस्त्यात सासू दिसली तर जावई वाट सोडून केळीत शिरतो. चुकून शिवाशिव झाली तर हातापायांना कंप सुटतो म्हणतात. मी स्वतः मानत नाही, पण माझ्या जावयाला मी आजवर पाठमोराच बघितला आहे.

मुसावोचा जावई कावुमा बुकुलुलात अननस पिकवतो. गेल्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली, मसाकाला नेलं, गोळ्या लागल्या आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची एक बाटली कायमची खिशात आली. जीव वाचला म्हणून आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले. त्यानंतर त्या घरात आणखी काय काय थंडावलं ते त्याच्या बायकोने, जस्टिनने, आईला सांगितलं नाही. तिने ते कोणाला सांगितलं असेल हे तुम्हाला आता कळलंच असेल. मला मात्र त्या शनिवारपर्यंत कळलं नव्हतं.

त्या शनिवारी कंपालाला कोणा भाचीच्या मागणीचा समारंभ होता आणि ऑलिव्हा तिथे मिरवणार होती. तिची नवी गोमेसी, म्हणजे आमच्याकडचा समारंभाचा पायघोळ झगा, माझ्याकडे शिवून तयार होती. पण ती आधी दुकानात शिरली, आणि फळकुटाआडून मला सगळं ऐकू आलं.

"वहिनी, ती निळी गोळी दे गं एक."

"कोणाला, वन्सं?"

"क्योतेराच्या जावयाला. माझ्या चुलतभावाच्या पोरीचा नवरा. लग्नाला वर्ष झालं नाही आणि गडी भिंतीकडे तोंड करून झोपतो."

"त्याला पाठव."

"क्योतेराहून? अगं, त्याच्या आईला जेवढं माहीत नाही तेवढं मला माहितीये. सेंगा आहे मी. विचार तुला काय विचारायचं ते."

मुसावोने विचारलं. सगळं विचारलं, एकही प्रश्न गाळला नाही. आणि ऑलिव्हाने धडाधड उत्तरं दिली. छाती? बैलाची. हृदयाची गोळी? त्याला साधी खोकल्याची माहीत नाही. दारू? चर्चमध्ये देतात तेवढीच. शेवटी मुसावोचे प्रश्न संपले. कपाट उघडल्याचा आवाज आला.

"पहिल्यांदा अर्धीच," ती म्हणाली.

नणंद समोर उभी, सासरची मानाची बाई, सेंगाच्या तोंडाने बोलणारी. तिला नाही कसं म्हणायचं? मी असते तर मीही दिली असती.

मग ऑलिव्हा माझ्याकडे आली, गोमेसी घातली, मी कमरेचा पट्टा बांधत होते तेवढ्यात तिने मोटरसायकलवर भाडी मारणाऱ्या बोडावाल्या बोस्कोला हाक मारली आणि कागदाची पुडी त्याच्या हातात दिली. "बुकुलुलाला जा. अननसवाल्या कावुमाच्या हातात दे, दुसऱ्या कोणाच्या नाही." बोस्को मोटरसायकल उडवत गेला. ऑलिव्हा आरशात वळून वळून स्वतःला बघत होती. खुशीत होती. पुढच्या इस्टरला जस्टिनच्या मांडीवर पोर दिसेल बघ, म्हणाली, आणि कंपालाच्या टॅक्सीत चढली.

मी पुन्हा यंत्रावर बसले. एक शिवण घातली, दुसरी घातली, आणि पाय थांबला. क्योतेरा तर मसाकाच्याही पलीकडे. पुडी गेली बुकुलुलाला. मी यंत्र सोडून उठले.

आत जाऊन मुसावोला सांगितलं तेव्हा ती गोळ्यांच्या पट्ट्या रचत होती. ती ओरडली नाही. हातातली पट्टी तिने जागच्या जागी ठेवली, सरळ केली, आणि स्टुलावर बसली.

"मी दिली," ती म्हणाली. "मी विचारलं आणि मी दिली."

तिने ऑलिव्हाला फोन लावला. वाजत राहिला, समारंभाला जाणाऱ्या बाईचा फोन पिशवीच्या तळाशी असतो. जस्टिनचा बंद. मग कावुमाचा. तोही वाजत राहिला, आणि का, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. सासूचं नाव दिसलं की कावुमा फोन कानाला लावत नाही, दोन्ही हातांत धरून बायकोकडे नेतो. बायको शेतात असेल तर फोन चटईवर ठेवून अदबीने वाजू देतो. किती गुणी जावई म्हणून आम्ही त्याचं कौतुक केलेलं आहे. आता तोच गुण त्याच्या जिवावर उठला होता.

"माझ्या फोनवरून लाव," मुसावो म्हणाली, आणि मग, "नको, तुझ्यावरून. तू बोल."

मी लावला. त्याने उचलला.

"कावुमा, मी नालोंगो, लुकायाची शिंपीण. बोस्कोने आणलेली गोळी घेतलीस का?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. "कसली गोळी?"

"घेतली असशील तर तसं सांग. मी हसणार नाही. आणि ती जिभेखालची..."

"माझ्याकडे काही आलेलं नाही," तो म्हणाला आणि फोन कट. पुन्हा लावला तर बंद.

"घेतली," मुसावो म्हणाली. "घेतली नसती तर तुझ्याशी भांडला असता."

ती उठली आणि दुकानाला कुलूप लावायला लागली.  नुसती गोळी घेऊन तो मरणार नाही, ती म्हणाली. स्वतःलाच समजावल्यासारखं बोलत होती. छातीत कळ येईल तेव्हा तो खिशातली बाटली काढेल, कारण त्याला तसंच शिकवलंय. तिथे खेळ संपेल.

बोस्को परतला होता. आत काय होतं मला काय माहीत, मी काय पुड्या उघडून बघतो का, असं तो म्हणत राहिला. आम्ही दोघी त्याच्या मागे बसलो. मी अंगाने भरलेली, मुसावो काठीसारखी. बोस्कोची मोटरसायकल कण्हत कण्हत निघाली. बुकुलुलाचा फाटा आला. तांबड्या धुळीच्या रस्त्याला लागल्यावर मुसावो माझ्या कानात म्हणाली, "मी अंगणात जाणार नाही. तू जा. बाटली काढून घे. मी केळीपाशी उभी राहते." म्हणजे इतकं असूनही ती रीत सांभाळायला बघत होती. मला राग आला आणि दयाही आली.

पण केळीपाशी उतरायला सवडच मिळाली नाही. वळण घेतलं तर समोरच कावुमाचं अंगण. तो पांढराशुभ्र सदरा घालून ओट्यावर बसला होता, दाढी केलेली, डोळे लालसर, आणि जस्टिन पलीकडे खुरपं धूत होती. त्याने मोटरसायकल पाहिली, मला पाहिलं, माझ्यामागे सासूला पाहिलं. ताडकन उठला आणि पळाला.

पळणारच. जन्मभर हेच शिकवलेलं. घराच्या मागे चढण आहे, चढणीवर केळी, आणि हा छातीचा रोगी तिथून वर धावत निघाला, सासूला पाठ दाखवायला. तो बिचारा आम्हाला मान देत होता.

"कावुमा, पळू नकोस!" मुसावोचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या आवाजाने तो आणखी जोरात पळाला.

मग मुसावो धावली. इस्त्रीची गोमेसी दोन्ही हातांनी वर धरून, चपला टाकून, ती बाई केळीतून जावयाच्या मागे धावली. मी मागून धापा टाकत, मनातल्या मनात ऑलिव्हाचा उद्धार करत चढत होते. अर्ध्या चढणीवर तो थांबलेला दिसला. एका हाताने केळीचा बुंधा धरलेला, दुसऱ्या हाताने खिशातून बाटली काढून तो तिचं झाकण दातांनी उघडत होता. गोळी तळहातावर पडली. हात तोंडाकडे निघाला.

मुसावोने त्याचं मनगट धरलं.

त्याने डोळे गच्च मिटले. "आई, सोडा. शिवू नका मला, आई."

"मूठ उघड."

"दुखतंय हो."

"माहितीये. दुखू दे. ही घेतलीस तर मरशील." तिने त्याची बोटं एकेक करून उघडली, गोळी काढली, बाटली हिसकली आणि झग्याच्या आत छातीशी ठेवली. मग त्याला केळीच्या पानांवर बसवलं आणि त्याचा हात सोडलाच नाही. ती नाडी मोजत होती.

जस्टिन धावत आली. नवऱ्याचं तोंड बघून तिने हंबरडा फोडला. "त्यांची गोळी कुठे आहे? आई, त्यांची गोळी दे."

"नाही देता येत."

"डॉक्टरांनीच दिलीये, आई. दुखलं की लगेच ठेवायची म्हणून सांगितलंय."

"आज नाही."

"का नाही?"

ह्या प्रश्नाला त्या आईने काय उत्तर द्यायचं? तुझ्या नवऱ्याने आज दुपारी कशासाठी काय घेतलं, हे आईने लेकीसमोर उच्चारायचं नसतं, आणि जावई तिथेच डोळे मिटून बसलेला. मुसावो नुसतं म्हणाली, "नंतर सांगते." जस्टिनने तिच्या झग्यात हात घातला. माझ्या डोळ्यांदेखत लेक आईशी झटापट करत होती, तुला त्यांना मारायचंय का म्हणत होती, आणि मुसावो एका हाताने तिला दूर सारत दुसऱ्या हाताने नाडी धरून होती. मी जस्टिनला मागून कवळ घालून ओढलं. तिने माझ्या हाताला चावा घेतला. त्याचं मला काही वाटलं नाही. मीही चावले असते.

शेजाऱ्याची अननसांनी भरलेली गाडी होती. अर्धे अननस तिथेच रस्त्यावर ओतले आणि कावुमाला मागे निजवलं. मुसावो पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, कारण मागे जावई होता. एकदा हात धरून झाल्यावरही तिने तेवढं पाळलं. पण मसाका येईपर्यंत ती मागच्या काचेकडे वळून मला विचारत राहिली, "बोलतोय का? घाम कसा आहे? ओठ बघ." आणि मी सांगत राहिले. कावुमा कण्हत होता. जस्टिन त्याचं डोकं मांडीवर घेऊन माझ्याकडे शत्रूसारखी बघत होती. माझा जीव टांगणीला लागला होता. मनात एकच भीती, मुसावोचा अंदाज चुकला असेल तर? त्याने खरंच काही घेतलं नसेल आणि आम्ही दोघींनी त्याची जीव वाचवणारी गोळी अडवून धरली असेल तर?

इस्पितळात एक तरुण डॉक्टर होता, चांगला वाटला, हात भराभर चालत होते. मुसावो खोलीच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरने छातीला तारा लावल्या आणि विचारलं, "आज दुसरं काही घेतलंय का? कुठलंही औषध, पाला, काढा?"

कावुमाने बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही.

डॉक्टर नर्सला म्हणाला, "जिभेखाली एक दे."

 मला माहीत होतं, तरी मी बोलले नाही. इतक्या माणसांत ते शब्दच तोंडावर येईनात. आणि तेवढ्यात मुसावो आत आली. जावयाच्या खाटेपाशी, त्याच्या तोंडासमोर येऊन उभी राहिली.

"देऊ नका," ती म्हणाली. "ह्याने दुपारी पुरुषशक्तीची गोळी घेतलीये. मी ह्याची सासू. ती गोळी माझ्या दुकानातली आहे, मी विकलेली."

 पलीकडच्या म्हाताऱ्याने कानावर हात ठेवले. जस्टिनचे हात नवऱ्याच्या पायांवरून आपोआप बाजूला झाले. नर्सने हातातली गोळी मागे घेतली.

"खरं आहे?" डॉक्टरने कावुमाला विचारलं.

कावुमाने चादर डोक्यावरून ओढून घेतली.  मग आतून आवाज आला, "अख्खी घेतली."

मग डॉक्टरने बाकीचे उपाय केले, त्याची मला अक्कल नाही. जिभेखालची गोळी नुसत्या आजच नाही, उद्या ह्या वेळेपर्यंतसुद्धा द्यायची नाही, असं त्याने नर्सला दोनदा बजावलं. अंधार पडायच्या आत कळ ओसरली. झटका नव्हता म्हणाले, पण थोडक्यात वाचला. माझा जीव भांड्यात पडला. मुसावोचा पडला की नाही, मला सांगता येणार नाही. ती ओसरीत बसून होती आणि जस्टिन तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

तेवढ्यात ऑलिव्हाचा फोन आला. मागून ढोल वाजत होते. "वहिनी, एवढे फोन कशाला गं? इथे सोयरीक जमली."

"वन्सं," मुसावो म्हणाली, "क्योतेराच्या जावयाला बरं नाही. मसाकाला ये."

ती आली, मी शिवलेली गोमेसी चुरगाळलेली, रडून रडून डोळे सुजलेले. "तुला कसं सांगणार होते मी? लेक तुझी. तोंड कुठे लपवलं असतंस?" मुसावोने तिला बोल लावला नाही, मी मात्र लावला, आणि यथेच्छ लावला. मुसावो एवढंच म्हणाली, "ज्याच्या छातीला हात लावून बघायचं, त्याला मी बघितलंच नाही. तुझ्या तोंडाकडे बघून दिली. त्यात माझी चूक आधी."

सोमवारी मी मटोके, म्हणजे उकडलेली हिरवी केळी, घेऊन भेटायला गेले. कावुमाच्या खाटेला पडदा ओढलेला होता. पडद्याच्या अलीकडे स्टुलावर मुसावो, तोंड खिडकीकडे. पलीकडे उशीला टेकून कावुमा, तोंड भिंतीकडे. पडद्याच्या टोकाशी, दोघांना दिसेल अशी जस्टिन बसली होती आणि संत्रं सोलत होती. सासू-जावयाला काही बोलायचं झालं तर असंच बोलतात, मधल्या माणसाकरवी.

"आईला विचार," कावुमा बायकोला म्हणाला आणि थांबला. जस्टिनने मान वर केली नाही.  मग तो स्वतःच बोलला, "आई, माझं ते सगळं संपलं का आता?"

मुसावो खिडकीतून बाहेर बघत होती. "संपलं नाही," ती म्हणाली. "आधी छाती. डॉक्टर तुला जिने चढायला लावतील, दम बघतील. रक्तदाबाच्या गोळीनेही कधी कधी असं होतं, ती बदलता येईल का ते तू विचार. पण जिभेखालची बाटली खिशात आहे तोवर ती निळी गोळी घ्यायची नाही. कोणी दिली तरी नाही. मी दिली तरी नाही."

"बरं, आई."

"आणखी काय विचारायचंय?"

त्याने घसा साफ केला आणि विचारायला लागला. वर्षभराचं साचलेलं होतं, एकेक बाहेर यायला लागलं, आणि मुसावो एकेकाचं उत्तर देत गेली. मला वाटलं होतं की जस्टिन लाजून उठून जाईल. ती बसून राहिली, आणि संत्र्याची एक फोड तिने पडद्याच्या अलीकडे आईच्या हातावर ठेवली.